सैल तारेचा सूर

रॉक संगीताचे चाहते जमले, की कोणत्या गिटारवादकाचा उगाच उदोउदो झाला आणि कोण उपेक्षित राहिला, यावर वाद रंगतो. बोटांच्या वेगावरून थोरवी मोजणाऱ्यांना तुम्ही 'ब्लॅक सॅबथ'च्या टोनी आयोमीची गोष्ट सांगा. १९६५ मध्ये बर्मिंगहॅमच्या कारखान्यात, पत्र्याच्या यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका हाच! त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, बारीक तारा लावल्या, पुढे त्या सैलही केल्या. तारेची वारंवारता ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. पेटीच्या काळ्या-पांढऱ्या मिळून तीन पट्ट्या सूर उतरवला, तर वारंवारता सुमारे १६ टक्के घटते. ताण मात्र जवळजवळ ३० टक्के! १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'त अशाच उतरवलेल्या तारांचा घनगंभीर नाद आहे.