भरतीची तयारी आणि ताटातली डाळ

मागच्या महिन्यात आमच्या एका गटाच्या बैठकीत एका मावशींनी तीन हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. कशासाठी विचारलं, तर म्हणाल्या, "पोरगी पोलीस भरतीची तयारी करते. तिच्याबरोबरच्या पोरी डब्यातली प्रोटीनची पावडर घेतात. हिलाबी पाहिजे म्हणते."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. शेळीला, बियाण्याला, दवाखान्याला कर्ज देतो आपण. पावडरीला कसं द्यायचं? पण पोरीची गरजही खोटी नव्हती. ४ किलोचा गोळा फेकायचा, ८०० मीटर आणि १०० मीटर पळायचं, त्यासाठी ती रोज पहाटे उठाबशा, जोर काढते, वाळूची पिशवी खांद्यावर घेऊन चढ चढते. मी म्हटलं, निर्णय पुढच्या बैठकीत घेऊ. आधी मी पोरीजवळ बसते आणि ती काय खाते ते मोजते.

आता हे मोजायचं कसं, ते सांगते. वजनाचा व्यायाम केला की स्नायूंवर ताण येतो, आणि ते भरून निघताना आधीपेक्षा बळकट होतात. त्या दुरुस्तीला लागणारा माल म्हणजे प्रथिनं, ज्याला पोरं प्रोटीन म्हणतात. साध्या, निरोगी बाईला दिवसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरेशी धरतात. ताकदीचा व्यायाम करणारीला १.२ ते १.६ ग्रॅम लागतात. ही पोरगी ५० किलोची. म्हणजे एरवी ४२ ग्रॅम, आणि आता ६० ते ८० ग्रॅम. त्यापेक्षा दुप्पट खाल्लं म्हणून दुप्पट ताकद येत नाही. आणि व्यायामच केला नाही तर नुसत्या प्रथिनांनी दंड भरत नाहीत.

मग तिचं ताट मोजलं. भाकरीला ७० ग्रॅम पीठ धरलं तर ज्वारीच्या एका भाकरीत सुमारे ७ ग्रॅम. दुपारी दोन, रात्री एक, झाले २१. रात्रीच्या भातात ४. भाजी, चहातलं दूध, सकाळचा टोस्ट मिळून ७. आणि वरण? इथं मावशी म्हणाल्या, "वरण तर रोज असतंच की." खरंय, असतंच. पण घरात माणसं सहा आणि डाळ शिजते दीडशे ग्रॅम. तूरडाळीच्या १०० ग्रॅमला २२ ग्रॅम, म्हणजे पातेल्यात ३३ ग्रॅम. सहा ताटांत वाटली की प्रत्येकाला साडेपाच! पाणी वाढवलं तर वरण वाढतं, प्रथिनं तेवढीच राहतात. शिवाय पोरगी आईबरोबर शेवटी जेवते, तेव्हा डावाला पातेल्यातलं वरचं पाणीच जास्त येतं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. सगळं धरून बेरीज अडतीसच्या आत. व्यायाम न करणारीलाही पुरणार नाही इतकी.

म्हणजे पोरीचं म्हणणं बरोबर होतं. कमतरता होतीच. पण ती डब्यानंच भरायची का?

एक किलोच्या डब्यात साधारण महिन्याचा माल, रोजच्या मापात चोवीसेक ग्रॅम प्रथिनं. तीन हजारांचा डबा म्हणजे दिवसाला शंभरेक रुपये. आता घरचं बघा. दोन अंडी, १२ ग्रॅम. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाणे, ७ ग्रॅम. सोयाबीनची वडी नुसती २० ग्रॅम घेतली, गरम पाण्यात भिजवून, पिळून रश्श्यात टाकली, तरी १० ग्रॅम. झाले २९, आणि आमच्या बाजारात खर्च तीस रुपयांच्या आत. ज्यांच्याकडे अंडं चालत नाही त्यांनी फुटाणे, मटकीची उसळ, दूध-दही घ्यावं. आणि घट्ट पिठलं विसरू नका. बेसन म्हणजे हरभऱ्याची डाळच की, तिच्यातही १०० ग्रॅमला वीस-बावीस ग्रॅम. कोकणातल्या मैत्रिणींना तर सुकट, बोंबील आहेच.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ च्या आहारविषयक सूचनांत शरीर कमावण्यासाठी प्रोटीनच्या पावडरी टाळा असंच सांगितलंय. मी पावडरीला विष म्हणणार नाही. पण ताटात डाळ नसताना कर्ज काढून डबा आणणं मला पटत नाही.

दोन गोष्टी आणखी. हे सगळं रात्री एकदम खाऊ नये, तिन्ही वेळच्या जेवणात वाटून घ्यावं. आणि प्रथिनं वाढवायची म्हणून भाकरी तोडू नये. पळायला भाकरीच लागते. ती कमी पडली तर शरीर प्रथिनंच सरपणासारखी जाळतं.

पोरगी लवकर दमते, धाप लागते असं असेल तर उपकेंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. रक्त कमी असेल तर नुसत्या अंड्यांनी भागणार नाही. आणि मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवू नयेत.

पुढच्या बैठकीत मावशींनी कर्ज घेतलं, पण दीड हजारांचं, पाच तलंगा आणायला. अंडी सुरू व्हायला दोनेक महिने जातील, तोवर विकतची आणणार म्हणाल्या. आणि वरणाचा डाव आता पोरगी स्वतः तळातून घालून घेते. मी तिला म्हटलं, आईच्या ताटातही तसाच घाल. तीही रोज डोक्यावरून गवताचा भारा आणते.