धूर गेला, धूळ उरली

आम्ही राहतो सॅक्रामेंटोजवळच्या डेव्हिस गावात. ऑगस्ट ते ऑक्टोबर हा इथला बदाम काढणीचा हंगाम. यंत्र झाडाचं खोड धरून गदागदा हलवतं, बदाम खाली पडून वाळतात आणि मग दुसरं यंत्र ते झाडून गोळा करतं. त्या दिवसांत बागांवर धुळीचे लोट उठतात. नेमका हाच मोसम वणव्यांचाही. त्यामुळे डोंगरातला धूर आणि शेतातली धूळ आमच्याकडे एकाच हवेत भेटतात.

दोन्ही मिळून हवा जास्त घाण झाली, एवढंच आपल्याला वाटतं. पण हा नुसता बेरजेचा मामला नाही. झाडंझुडपं जळताना नायट्रोजनचे ऑक्साईड बाहेर पडतात आणि हवेत त्यांचं नायट्रिक आम्ल बनतं. धुळीच्या कणांत बऱ्याचदा चुनखडी असते. चुनखडीवर आम्ल टाकलं की फसफसतं, हे आपण शाळेतच पाहिलंय. हवेतही अशीच क्रिया होते आणि कॅल्शियम नायट्रेट हा क्षार तयार होतो. तो हवेतलं पाणी भराभर ओढून घेतो. कोरड्या कणावर ओलसर थर चढतो आणि त्यात धुरातले इतर वायूही विरघळू लागतात.

यात थोडा फायदाही आहे बरं का! आम्ल अशा जाड कणांना चिकटलं, की त्यांच्याबरोबर लवकर खाली बसतं. पण धुळीत टायटॅनियमची खनिजंही असतात. त्यांच्यावर ऊन पडलं की धुरातल्या नायट्रोजन डायऑक्साइडपासून नायट्रस आम्ल बनतं आणि त्यातून पुढे ओझोन वाढायला मदत होते. म्हणजे धूळ एका हाताने हवा साफ करते आणि दुसऱ्या हाताने बिघडवते.

याहून काळजीची गोष्ट जमिनीवर घडते. १७ ऑगस्ट २०२० रोजी विजा पडून आमच्या पश्चिमेच्या डोंगरांत एलएनयू लायटनिंग कॉम्प्लेक्स हे वणवे पेटले. सुमारे ३ लाख ६३ हजार एकर जळालं. या डोंगरांत सर्पेंटाईन नावाचा हिरवट दगड सापडतो. १९६५ पासून तो कॅलिफोर्नियाचा अधिकृत राज्यदगड आहे. त्याच्या मातीत क्रोमियम भरपूर असतं, पण ते बहुतांशी निरुपद्रवी रूपात. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ आणि २०२० च्या वणव्यांत जळालेल्या अशा मातीचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. आगीच्या उष्णतेने तिथल्या काही क्रोमियमचं क्रोमियम-६ झालं होतं. श्वासावाटे फुफ्फुसात गेलं तर कर्करोगाला कारण ठरणारं हेच ते रूप. 'एरिन ब्रॉकोविच' सिनेमातलं हिंक्लीच्या पाण्यातलं विष आठवतंय? तेच हे. पाऊस पडेपर्यंत ते वरच्या मातीत महिनोन्‌महिने टिकू शकतं आणि वारा सुटला की धुळीबरोबर उडतं.

आम्ही सगळे मोबाईलवर हवेचा आकडा बघून मुलांना खेळायला सोडायचं की नाही ते ठरवतो. आकडा बघायलाच हवा. पण हवेत बारीक कण किती, हे तो सांगतो. ते कशाचे आहेत, हे सांगत नाही. घराबाहेर लावायचे स्वस्त सेन्सर तर जाड धूळ नीट पकडतही नाहीत. म्हणून धूर ओसरला, आकाश निळं दिसलं, की लगेच मास्क फेकून राख झाडायला घेऊ नये.

राख आवरताना एन-९५ मास्क हवाच. पानं उडवायचा ब्लोअर अजिबात नको. मुलांना आणि दम्याच्या माणसांना लांब ठेवायचं. आणि आधी राखेवर हलकं पाणी शिंपडायचं, म्हणजे ती उडत नाही. इथल्या सरकारी सूचनाही हेच सांगतात. फोनवर आईला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "अगं, यात नवीन काय? आम्ही रोज अंगणात पाणी शिंपडूनच झाडतो!"