कल कळला, पुढे काय?

दहावीच्या विद्यार्थ्यांची कलचाचणी महाराष्ट्रात २०१६ साली सुरू झाली आणि काही वर्षांतच बंद पडली. कृषी, वाणिज्य, ललित कला, गणवेशधारी सेवा अशा क्षेत्रांपैकी मुलाचा ओढा कोणीकडे आहे, हे तीवरून कळावे अशी अपेक्षा होती. ओढा कळल्यावर त्या मुलाला शिकवावयाचे कसे, हा प्रश्न मात्र तिच्या कक्षेत कधीच नव्हता. वऱ्हाडापुरते बोलावयाचे तर खरी अडचण तेथेच आहे.

अमरावतीच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील वीजतंत्री व्यवसायाची एखादी तुकडी कल्पावी. प्रवेश दहावीच्या गुणांवर, अभ्यासक्रम देशभर एकच. एक प्रशिक्षणार्थी धारणीकडचा, घरी कोरकू बोलणारा. मराठी ही त्याची दुसरी भाषा आणि पुस्तकातले ‘विभवांतर’ ही जणू तिसरी! त्याच्या शेजारचा वडिलांच्या मोटार-दुरुस्तीच्या दुकानात वाढलेला. त्याला गुंडाळी भरता येते, ती का जळते हे सांगता येत नाही. दोघांचाही कल तांत्रिकच. तरीही दोघांना एकाच पाठाने शिकविणे म्हणजे एकाला मागे सोडणे आणि दुसऱ्याला कंटाळविणे होय.

क्रॉनबाख व स्नो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी अभिक्षमता आणि अध्यापनपद्धती यांच्या परस्परसंबंधावर १९७७ साली मोठा ग्रंथ लिहिला. निष्कर्ष सर्वत्र सारखे आले नाहीत. तथापि ज्याची पूर्वतयारी कमी त्याला पायरीपायरीने, उदाहरणे सोडवून दाखवीत शिकवावे, आणि तयारीच्या विद्यार्थ्याला मोकळीक द्यावी, एवढे या दिशेच्या संशोधनातून पुष्कळसे दिसते. उलट ‘हा पाहून शिकणारा, तो ऐकून शिकणारा’ ही आपल्या शिक्षक-शिबिरांतली लाडकी वर्गवारी २००८ साली चार मानसशास्त्रज्ञांनी तपासली, तेव्हा तिला पुरेसा आधार आढळला नाही.

हे तत्त्व आपल्याकडे अपरिचित आहे असेही नाही. कृषी विज्ञान केंद्रांची योजना १९७४ साली पुदुच्चेरीत सुरू झाली ती करून शिकण्याच्या आणि गरज पाहून प्रशिक्षण आखण्याच्या तत्त्वावर. अमरावती-अकोल्यातही अशी केंद्रे आहेत. शेतकऱ्याला जे दिले ते त्याच्या मुलाला का देऊ नये?

दोन वर्षांच्या अभ्यासक्रमातला पहिला पंधरवडा शिल्प निदेशकाने कोणाला काय येते हे पाहण्यात घालवावा आणि त्यानुसार कार्यशाळेत दोन गट करावेत. कोरकू जाणणारा वरच्या वर्षाचा विद्यार्थी पहिल्या गटाला साह्यास घ्यावा. यास नवी यंत्रसामग्री लागत नाही. निदेशकांची पदे मात्र भरलेली असावी लागतात, आणि ती भरणे संस्थेच्या नव्हे, शासनाच्या हाती आहे.