मर्यादवेल
मर्यादवेल (शास्त्रीय नाव: आयपोमिया पेस-कॅप्री, कुल: कॉन्व्हॉल्व्हुलेसी) ही उष्ण कटिबंधातील वालुकामय समुद्रकिनाऱ्यांवर जमिनीसरपट वाढणारी बहुवर्षायू वेल आहे. महाराष्ट्र व गोव्यासह भारताच्या पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवर ती नैसर्गिकरीत्या आढळते. खारे वारे, तप्त वाळू व निकस जमीन ती सहन करते. त्यामुळे किनाऱ्यालगतच्या बागांत भूआच्छादक म्हणून ती उपयुक्त ठरते.

नाव
'मर्यादा' म्हणजे सीमा. ही वेल भरतीरेषेच्या लगेच वरच्या वाळूत वाढते. लिनियसने १७५३ मध्ये तिचे वर्णन केले. 'पेस-कॅप्री' या लॅटिन शब्दांचा अर्थ 'शेळीचे पाऊल' असा असून तो पानाच्या आकारावरून आला आहे.

वर्णन
पाने जाड, गुळगुळीत व आपट्याच्या पानाप्रमाणे टोकाशी दुभंगलेली असतात. खोड अनेक मीटर पसरते आणि त्याच्या पेरांपासून मुळे फुटतात. फुले नरसाळ्याच्या आकाराची, गुलाबी-जांभळी असून सकाळी उमलतात व त्याच दिवशी कोमेजतात. केसाळ बिया पाण्यावर तरंगतात. सागरी प्रवाहांमुळे त्यांचा दूरवर प्रसार होतो.

लागवड
कोकणात पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या काळात पडतो. उरलेल्या महिन्यांत वाळूच्या वरच्या थरात ओल टिकत नाही. म्हणून पावसाळ्याच्या आरंभी दोन-तीन पेरांचे तुकडे, किमान एक पेर वाळूत राहील असे, आडवे लावतात. बियांचे कवच कठीण असल्याने ते किंचित घासून बिया रात्रभर भिजवल्यास उगवण सुलभ होते. भरपूर ऊन व पाण्याचा निचरा आवश्यक असतो. दाट सावलीत फुले कमी येतात. मुळे रुजल्यावर हिरवळीप्रमाणे नियमित सिंचन करावे लागत नाही. मात्र वेल वेगाने पसरत असल्याने लहान बागेत तिची वेळोवेळी छाटणी करावी लागते.

पर्यावरणीय महत्त्व
पसरलेली खोडे वाऱ्याने उडणारी वाळू अडवतात आणि मुळे ती धरून ठेवतात. अशा रीतीने वाळूच्या टेकड्या स्थिर होण्यास मदत होते. 'स्वच्छते'साठी किनाऱ्यावरील वेल उपटल्यास वाळू पुन्हा मोकळी होते आणि तिची धूप वाढते. २०१९ च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेत वाळूच्या टेकड्यांचा समावेश संवेदनशील क्षेत्रात करण्यात आला आहे. त्यामुळे बागेसाठी टेकडीवरील वेल मुळासकट न काढता बागेत वाढलेल्या वेलीचे तुकडे वापरणे इष्ट ठरते.