मुलांचे प्रकल्प : कार्डशीट आणि कात्री घेताना

शाळा सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की घरोघरी प्रकल्पांची गडबड सुरू होते. कुणाला घन आणि इष्टिकाचिती यांचे ठोकळे करायचे असतात, कुणाला घरांचे प्रकार दाखवायचे असतात, कुणाला कार्यानुभवाच्या तासाला पाकिटे आणि शुभेच्छापत्रे न्यायची असतात. रात्री नऊला मूल आठवण करते, "अम्मी, उद्या टीचरनी कार्डशीट आणायला सांगितलंय." अब्बू घाईघाईत दुकान गाठतात आणि दुकानदार पुढे करील ते पाकीट घेऊन येतात. घरात तीन मुले शिकत असतील तर वर्षाचा हा खर्च लहान राहत नाही. ज्या घराला तो झेपत नाही, तिथले मूल प्रकल्पाच्या दिवशी पोटदुखीचे कारण सांगून घरीच थांबते. वर्गात शिकवताना अशा रिकाम्या जागा मी दरवर्षी पाहते. कागद आणि हत्यार यांची थोडी ओळख असेल तर ही वेळ बऱ्याच अंशी टळू शकते.

जाडी वजनावरून ओळखा

कागदाच्या पाकिटावर 'जीएसएम' असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन. झेरॉक्सचा कागद साधारण 70 ते 80 जीएसएमचा असतो. शुभेच्छापत्रे, छोटी खोकी आणि ठोकळे यांना 180 ते 250 जीएसएम पुरते. 300च्या पुढचा कागद लहान मुलांच्या कात्रीला दाद देत नाही आणि घडीवर तडकतो. म्हणजे सर्वांत जाड आणि महाग कागद हाच सर्वांत चांगला, असे मुळीच नाही.

सुट्या कागदावर आकडा नसतो. तिथे एक सोपी युक्ती चालते. ए-4 आकाराचे 16 कागद मिळून जवळपास एक चौरस मीटर होतात. म्हणून 16 कागद काट्यावर ठेवले की जितके ग्रॅम भरतील, तितकाच त्यांचा जीएसएम. आठच कागद असतील तर वजनाची दुप्पट करा. सहावी-सातवीच्या मुलांकडून हे करून घेतले तर क्षेत्रफळाचा धडाही पक्का होतो.

पाकीट की मोठी शीट?

रंगीत ए-4 कार्डांचे पाकीट दिसायला आकर्षक असते, पण त्यात कापणावळ आणि पॅकिंग यांचेही पैसे आपण मोजतो. चार्ट पेपर आणि कार्डशीट बहुधा 22 बाय 28 इंचांच्या आकारात सुटी मिळते. अशा एका शीटमधून ए-4 आकाराचे चार तुकडे निघतात आणि वर दोन पट्ट्या उरतात. समजा, दहा कार्डांचे पाकीट 60 रुपयांना आहे आणि मोठी शीट 16 रुपयांना. पाकिटातले एक कार्ड 6 रुपयांना पडले, शीटमधले 4 रुपयांना. उरलेल्या पट्ट्यांच्या पुस्तकखुणा होतील त्या वेगळ्याच.

माप आधी ठरवले तर कातरणही उरत नाही. 22 इंचांचे चार आणि 28 इंचांचे चार भाग केले की साडेपाच बाय सात इंचांचे 16 तुकडे मिळतात. प्रत्येकाची मधोमध घडी घातली की 16 शुभेच्छापत्रे तयार. ईदीची पाकिटे करतानाही आधी साध्या रद्दी कागदावर नमुना कापून, तो शीटवर किती वेळा बसतो हे पाहावे आणि मगच कात्री लावावी.

कागदाची दिशा

एकाच शीटची एक घडी सुबक येते आणि दुसरी फाटल्यासारखी दिसते, याचे कारण कागदाचे तंतू. कारखान्यात यंत्रावर कागद पुढे सरकत असताना बहुतेक तंतू त्याच दिशेने लांब पडतात. शीट हलकेच एकदा आडवी आणि एकदा उभी वाकवून पाहा. ज्या बाजूने ती सहज वाकते, तिथे घडीची रेघ तंतूंना समांतर असते. मुख्य घड्या शक्यतो त्याच दिशेने येऊ द्याव्यात. हातकागदात हा फरक फारसा जाणवत नाही, कारण तिथे साच्यात तंतू सगळीकडे पसरतात. दौलताबादजवळचे कागझीपुरा हे गाव अशा कागदासाठी पूर्वापार ओळखले जाते.

घडी घालण्याआधी पट्टी ठेवून शाई संपलेल्या बॉलपेनने रेघ दाबून घ्यावी. विणकामाची सुईही चालते. विकतच्या साधनाची गरज पडत नाही.

घरातच असलेला पुठ्ठा

जुन्या लग्नपत्रिका, कॅलेंडरची पाने, बुटांची आणि मिठाईची खोकी हे सगळे कार्डशीटच आहे. मिठाईच्या खोक्याची तेलकट बाजू मात्र टाळावी, तिथे डिंक धरत नाही. गावात छापखाना असेल तर तिथले कातरण मागून पाहावे; पत्रिकांच्या कागदाच्या चांगल्या पट्ट्या त्यात सापडतात.

जाड कार्ड घरीही होते. लघुचित्रांसाठी वापरली जाणारी 'वसली' कागदावर कागद चिकटवूनच तयार करत. एक वाटी मैद्याला चार-पाच वाट्या पाणी घालून मंद आचेवर खळ शिजवावी आणि गार होऊ द्यावी. एका बाजूने वापरलेले तीन कागद, तंतूंची दिशा एकच ठेवून, पातळ खळीने चिकटवावेत. बाहेरच्या दोन्ही बाजूंना कोरी बाजू येईल असे पाहावे. रात्रभर जड पुस्तकांखाली ठेवले की सकाळी ताठ कार्ड मिळते.

कात्री आणि कटर

कागदाची कात्री कापडासाठी आणि कापडाची कागदासाठी वापरू नये. शिवणकाम करणाऱ्या अम्मी-खाला ही ताकीद का देतात, हे मुलांना समजावून सांगावे : कागदाने धार लवकर बोथट होते. लहान मुलांना गोल टोकाची कात्री द्यावी. मूल डावखुरे असेल तर डावखुऱ्यांसाठीची कात्री शोधावी. तिची पाती उलट बसवलेली असतात, त्यामुळे कापायची रेघ मुलाला दिसते. साध्या कात्रीने त्याचे काम वेडेवाकडे झाले तर तो दोष हाताचा नसतो.

सरळ कापायला कटर बरा. पाते तोडून नवी धार काढण्याचा हा प्रकार जपानमध्ये 1956 साली निघाला. चॉकलेटच्या वडीचे तुकडे सहज मोडतात, त्यावरून ही कल्पना सुचली असे सांगतात. कार्डशीटला 9 मिलिमीटर रुंदीच्या पात्याचा छोटा कटर पुरतो. खोक्याच्या जाड पुठ्ठ्याला 18 मिलिमीटरचा घ्यावा. एका कटरला जन्मभर पाती मिळत राहतात, म्हणून कटर साधा घेतला तरी पाती चांगली घ्यावीत. त्याच्या जोडीला स्टीलची पट्टी हवीच, कारण प्लास्टिकची पट्टी सोलून निघते आणि पाते बोटाकडे वळते. कटिंग मॅट नसेल तर खाली जुना जाड पुठ्ठा ठेवावा. एकदाच जोर लावण्याऐवजी हलक्या हाताने तीन-चार वेळा पाते फिरवावे. बोथट पाते अधिक धोक्याचे, कारण त्याला जोर लावावा लागतो आणि ते घसरते.

कटर मोठ्यांच्या हाती किंवा मोठ्यांच्या नजरेसमोरच असावा. तुटलेली पाती कचऱ्यात सुटी टाकू नयेत. झाकणाच्या डबीत साठवून, डबी भरली की चिकटपट्टीने बंद करून द्यावी. कचरा उचलणाऱ्याचे हातही कुणाच्या तरी अम्मी-अब्बूंचेच असतात.

दोन शब्द शिक्षकांसाठी

प्रकल्पाचे साहित्य आठवडाभर आधी सांगावे आणि "घरात असेल ते आणा" हे आवर्जून सांगावे. वर्गात एक कातरणाची पेटी ठेवली तर रिकाम्या हाताने आलेल्या मुलालाही कामाला बसता येते. गुण कडेच्या सफाईला, मापाला आणि कल्पनेला द्यावेत. जुन्या लग्नपत्रिकेतून नीट उभा राहिलेला घन हा चकचकीत कार्डाच्या घनाइतकाच घन असतो, त्यालाही सहाच पृष्ठे असतात.