जुन्या टर्नटेबलचा टोनआर्म: थोडक्या पैशांत काय साधतं?

मागच्या व्याख्यानानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: "माळ्यावरून जुनं टर्नटेबल काढलंय, फिरतंय छान, पण आर्म बदलावा का? आणि बदलायचा तर किती खर्च करावा?" आज तेवढंच घेऊ या.

आधी एक गोष्ट पक्की ध्यानात घेऊ. संगणकातली फाइल हजार वेळा वाजवली तरी झिजत नाही. रेकॉर्डचं तसं नाही. खाच एकदा खरवडली गेली की गेली. घरात नाट्यपदांच्या 78 च्या तबकड्या असतील, एखादी एलपी पुन्हा कधी निघालीच नसेल, तर वाकडा किंवा डुगडुगणारा आर्म ती दर वेळी थोडी थोडी खातो. म्हणून हा प्रश्न हौसेचा कमी आणि जपणुकीचा जास्त आहे.

आर्म नेमकं करतो काय?

एलपीच्या सुईचं टोक साधारण 18 मायक्रॉन त्रिज्येचं असतं. आपला केस याहून कितीतरी जाड. खाचेतली वळणं याहूनही बारीक. सुई त्या वळणांवर हलते आणि कार्ट्रिज त्या हलण्याची वीज करतं. आता विचार करा, सुई हलली हे कार्ट्रिजला कळतं कसं? कार्ट्रिज स्वतः जागेवर स्थिर आहे म्हणून. कार्ट्रिजही डुलायला लागलं, तर तेवढं संगीत हरवलं किंवा नको ते त्यात मिसळलं.

म्हणजे आर्मची दोन कामं आहेत आणि ती एकमेकांच्या उलटी आहेत. खाच आत आत सरकते, तिच्यामागे त्यानं अजिबात न अडखळता जायचं. आणि खाचेतल्या बारीक थरथरीला मात्र हूं की चूं करायचं नाही. त्यासाठी बेअरिंग मोकळं हवं, पण सैल नको. मोकळं आणि सैल यांतला फरक कळला की निम्मा विषय संपला.

उदाहरण म्हणून लेंको एल75

आपण एक खरं यंत्र समोर ठेवू. स्वित्झर्लंडच्या लेंको कंपनीचं एल75. वजनदार प्लॅटर, आणि मोटरच्या निमुळत्या दांड्यावर सरकणारं रबरी चाक. हे चाक पुढेमागे केलं की चार ठरलेल्या वेगांशिवाय मधलाही कुठलाही वेग मिळतो. 78 च्या तबकड्या असणाऱ्यांना हे मोलाचं आहे, कारण सुरुवातीच्या काळातल्या सगळ्याच तबकड्या काही बरोबर 78 वर कापलेल्या नाहीत. जी तबकडी 78 ला वाजायला हवी ती 73.6 ला वाजवली, तर काळी चारचा गायक पांढरी पाचमध्ये गाऊ लागतो! तर यंत्र उत्तम. दुखणं आहे ते आर्ममध्ये.

या आर्मची वर-खाली होणारी हालचाल सुरीच्या धारेसारख्या पात्यावर होते, आणि ते पातं इंग्रजी 'व्ही'च्या आकाराच्या दोन छोट्या ठोकळ्यांत टेकलेलं असतं. तराजूची दांडी जशी धारेवर तोललेली असते, तसंच. कल्पना सुरेख आहे. पण ते ठोकळे रबरासारख्या मऊ पदार्थाचे होते. इतक्या वर्षांनी ते आधी कडक होतात, मग त्यांचा भुगा पडतो. पातं खाली बसतं, आर्म एका बाजूला कलतो आणि डुगडुगतो.

तपासायचं कसं? यंत्र बंद करा, प्लग काढा, सुईवर टोपण घाला. आर्मची नळी बेअरिंगजवळ दोन बोटांत धरून अगदी हलक्या हातानं डोलवा. टक् असं काही जाणवलं तर खेळ आहे. मग काउंटरवेट फिरवून आर्म हवेत तरंगता ठेवा आणि हळूच फुंकर घाला. तो सहज हलून शांतपणे थांबला तर ठीक. एकाच जागी येऊन अडकत असेल तर घर्षण आहे. समोरून पाहा, हेडशेल रेकॉर्डला समांतर आहे का? मागून पाहा, काउंटरवेट लोंबतंय का? बऱ्याच जुन्या आर्ममध्ये वजन आणि नळी यांच्यामध्ये रबर असतं, आणि तेही म्हातारं होतं.

पहिली पायरी: आहे तोच आर्म नीट करणं

ते 'व्ही' ठोकळे नव्यानं बनवलेले विकत मिळतात, कडक प्लॅस्टिकचे किंवा पितळेसारख्या धातूचे. नव्या आर्मच्या मानानं ही किंमत किरकोळ आहे. बेअरिंगमधली वाळलेली घाण स्पिरिटनं पुसा, पात्याची धार तपासा आणि नवे ठोकळे बसवा. हेडशेलचे विजेचे संपर्क स्वच्छ करा. आतल्या वायरा केसासारख्या बारीक असतात. त्या ओढल्या जाणार नाहीत याची काळजी घ्या. डाग द्यायचा हात बसलेला नसेल तर ते काम रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे द्या.

मग मापं जुळवा. सरळ फिरणारा आर्म रेकॉर्डवर कंस काढतो, म्हणून सुई खाचेला तंतोतंत स्पर्शरेषेत फक्त दोन ठिकाणी येते. लॉफग्रेन यांनी 1938 मध्ये आणि बेअरवाल्ड यांनी 1941 मध्ये याचं गणित मांडलं. आजच्या रूढ मांडणीत ती दोन ठिकाणं मध्यापासून 66 आणि 120.9 मिलिमीटरवर येतात. त्याचा कागदी कोनमापक छापून घेता येतो, जवळपास फुकट. मात्र छापल्यावर त्यावरची पट्टी खऱ्या पट्टीशी ताडून बघा. प्रिंटरनं कागद दोन टक्के लहान केला असेल तर सगळी मेहनत वाया.

सुईचा भारही आर्मवरच्या आकड्यांवर सोडू नका. छोटा डिजिटल काटा घ्या. भार कमी ठेवला की रेकॉर्ड जपली जाते, हा गैरसमज आहे. भार फार कमी पडला की सुई खाचेत उसळते, आणि भिंतीला घाव बसतात ते तेव्हा. कार्ट्रिजच्या कंपनीनं दिलेल्या मर्यादेत, मधल्या किंवा किंचित वरच्या आकड्यावर ठेवा.

थोडं गणित: जोडी जमते का?

आर्मचं वजन आणि सुईची लवचीकता मिळून स्प्रिंगला टांगलेल्या वजनासारखी एक जोडी होते, आणि तिची स्वतःची एक कंपनसंख्या असते. वाकड्या रेकॉर्डचे हेलकावे पाच-सहा हर्ट्झच्या खाली असतात, संगीत वीसच्या वर. म्हणून ही संख्या 8 ते 12 च्या दरम्यान हवी.

सूत्र सोपं आहे. आर्मचं परिणामी वस्तुमान, कार्ट्रिज आणि स्क्रू यांची ग्रॅममध्ये बेरीज करा. तिला लवचीकतेच्या आकड्यानं गुणा. वर्गमूळ काढा. 159 ला त्यानं भागा.

समजा आर्म 11 ग्रॅम, कार्ट्रिज 6, स्क्रू 1. झाले 18. लवचीकता 15. गुणाकार 270, वर्गमूळ 16.4. उत्तर सुमारे 9.7 हर्ट्झ. उत्तम. आता आर्म 20 ग्रॅमचा जड घ्या आणि लवचीकता 25. बेरीज 27, गुणाकार 675, उत्तर जेमतेम 6. ही जोडी वाकड्या रेकॉर्डवर झोपाळ्यासारखी डुलणार. दोष आर्मचा नाही आणि कार्ट्रिजचाही नाही. पत्रिका जुळली नाही, इतकंच. एक खबरदारी: जपानी कंपन्या लवचीकतेचा आकडा बहुधा 100 हर्ट्झवर मोजलेला देतात. या सूत्रात वापरताना तो ढोबळमानानं दीडपट ते दुप्पट धरावा.

तरीही नवा आर्म हवाच असेल तर

आर्म वाकलाय, पात्याची धार गेलीय, तर बदलावाच लागेल. कमी खर्चात वर्षानुवर्षं निवडला जाणारा पर्याय म्हणजे रेगाचा जुना आरबी250. 1983 साली आलेल्या आरबी300 चा हा स्वस्तातला धाकटा भाऊ. नळी एकसंध ओतीव ॲल्युमिनियमची, परिणामी वस्तुमान सुमारे 11 ग्रॅम, म्हणजे आजच्या बऱ्याचशा कार्ट्रिजांशी जमणारं. सेकंडहँड घेताना मघाची डोलवण्याची आणि फुंकरीची परीक्षा इथेही घ्या.

याची मापं: प्लॅटरच्या मध्यापासून आर्मच्या मध्यापर्यंत 222 मिलिमीटर, तिथून सुईपर्यंत 237. लेंकोच्या मूळ भोकाशी हे आपोआप जुळणार नाही. पण म्हणून लगेच ड्रिल उचलू नका! कापलेला पत्रा परत जोडला जात नाही. मूळ आर्म निघाल्यावर त्याच जागी बसणारी जाड ॲल्युमिनियमची पट्टी लेथवाल्याकडून करून घेता येईल का, ते आधी बघा. मूळ आर्म, स्क्रू, वायरा एका डब्यात नाव घालून ठेवा.

काही जण आर्मसाठी शेजारी वेगळा खांब उभा करतात. आम्ही तसं सुचवत नाही. सुई मोजते ती खाच आणि आर्मचं बूड यांच्यातली हालचाल. प्लॅटर एका पायावर आणि आर्म दुसऱ्यावर असला, तर दोघं वेगवेगळे हलतील आणि ते सगळं स्पीकरमधून ऐकू येईल. दोघं एकाच घट्ट चौकटीवर हवेत.

आणखी एक देवाणघेवाण आहे. लेंकोचं हेडशेल निघतं. 78 साठी एक, एलपीसाठी दुसरं, असं ठेवता येतं. आरबी250 चं हेडशेल नळीतच ओतलेलं आहे. दोन्ही प्रकारच्या तबकड्या ऐकणाऱ्यांनी मग सुई बदलता येणारं कार्ट्रिज घ्यावं. 78 ची खाच रुंद, तिला साधारण 65 ते 76 मायक्रॉनची सुई लागते. एलपीची सुई तिथे खाचेच्या तळाशी जाऊन नुसती खरखरते.

तर पैसे कुठे घालावेत?

क्रम असा धरा. आधी नवी सुई, कारण झिजलेली सुई चांगल्या आर्ममध्येही छिन्नीच. मग आहे त्या आर्मची बेअरिंगं. मग काटा आणि कोनमापक. त्यानंतर महिनाभर ऐका. तरीही एलपीच्या शेवटच्या गाण्यात 'स' आणि 'श' फाटत असतील, तर मापं पुन्हा तपासा. एवढं सगळं करूनही तक्रार उरली, तरच नव्या आर्मचा विचार करा.

बहुतेकांची गाडी दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवरच थांबते. उरलेल्या पैशांत चार रेकॉर्ड घेता येतात, आणि हातातल्या जुन्या आणखी बरीच वर्षं ऐकता येतात. प्रश्न असतील तर आता घेऊ या.