जुना लेथ घेण्याआधी त्याचे भाग ओळखा

मालेगाव-भिवंडीत जिथे यंत्रमाग आहेत तिथे लेथचे दुकान असतेच. मागाचा शाफ्ट झिजला, बुश गेला, की कारखानदाराला आधी लेथवाला आठवतो. लेथ म्हणजे खराद. मी कापडाचा व्यापारी; पण गेल्या वर्षी भाच्याने जुना लेथ घ्यायचे ठरवले आणि भांडवल माझे होते, म्हणून हे यंत्र समजून घ्यावे लागले. जे समजले ते बांधवांपुढे ठेवतो.

लेथवर माल फिरतो आणि हत्यार सरकते. डावीकडे हेडस्टॉक असतो. त्यातल्या स्पिंडलवर चक बसतो. तीन जबड्यांचा चक गोल माल आपोआप मध्यावर धरतो. चार जबड्यांच्या चकचा प्रत्येक जबडा वेगळा सरकतो, म्हणून वेडावाकडा माल त्यात धरतात. हेडस्टॉकवरच्या दांड्यांनी फेरे बदलतात. मात्र लेथ चालू असताना गिअर बदलू नये, दाते तुटतात. माल जाड तितके फेरे कमी. हायस्पीड टूलने साधे पोलाद मिनिटाला 30 मीटर वेगाने कापायचे, तर 25 मिमी शाफ्टला सुमारे 380 फेरे लागतात, 100 मिमीला फक्त 95.

उजवीकडचा टेलस्टॉक लांब शाफ्टचे दुसरे टोक धरतो. त्यात ड्रिल बसवून भोकही पाडता येते.

मधले कॅरेज बेडवरून डावी-उजवीकडे सरकते. त्यावरची क्रॉस स्लाइड हत्याराला आत-बाहेर नेते. तिच्या डायलवर नव्या कारागिराची चूक होते. बऱ्याच लेथवर डायल 0.10 मिमी फिरवला की व्यास 0.20 ने कमी होतो, कारण माल दोन्ही बाजूंनी कापला जातो. काही डायल व्यासाचेच माप दाखवतात. आधी एक हलका काप घेऊन मोजावे. हँडल जास्त फिरले तर अर्धा फेरा मागे घेऊन पुन्हा पुढे यावे, नाहीतर स्क्रूची ढिलाई मापात येते.

कॅरेजच्या पुढच्या भागाला एप्रन म्हणतात. त्यावर फीडची दांडी आणि हाफ नटची दांडी असते. हाफ नट लीडस्क्रूला पकडतो. तो आटे पाडण्यापुरताच वापरावा. साध्या कामाला फीड रॉड आहे. त्यामुळे लीडस्क्रू कमी झिजतो.

चकची चावी चकमध्ये राहू देऊ नये. सैल बाही, गळ्यातला रुमाल आणि हातमोजे घालून लेथवर उभे राहू नये.

आता खरेदीचे. कापडाला खळ जास्त असली की पोत लपतो, तसा ताजा रंग लेथची झीज लपवतो. भाच्याला दाखवलेला लेथ अगदी चकचकीत होता. सोबतच्या जाणत्या टर्नरने चकजवळ सॅडलच्या पट्ट्या कॅरेज अलगद सरकेल इतपत कसल्या आणि कॅरेज टेलस्टॉककडे नेले. मध्येच ते घट्ट अडले. काम चकजवळ जास्त होते, म्हणून बेड तिथेच झिजतो. अशा बेडवर लांब शाफ्ट एका मापाचा निघत नाही, आणि बेड पुन्हा ग्राइंड करण्याचा खर्च मोठा असतो. मोटर, बेल्ट, चक नंतर बदलता येतात. आम्ही तो लेथ सोडला. पुढे जो घेतला त्याचा रंग उडालेला होता, पण बेड सरळ होता.